पान चौऱ्याऐंशी

शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका छापणाऱ्या एका संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक लांबट खोली होती. त्या खोलीत एक बाई चोवीस वर्षं संदर्भ तपासत बसल्या होत्या. लेखकानं लिहिलं की अमुक इतकी मुलं पाढे विसरतात, की बाई विचारणार, कुणी मोजली? कधी? किती मुलं होती? मूळ कागद कुठाय? लेखक वैतागायचे. एकानं तर चिडून लिहिलं होतं की सूर्य पूर्वेला उगवतो यालाही तुम्ही पुरावा मागाल. बाईंनी त्याला सभ्यपणे उलट टपाली कळवलं होतं, की पुस्तकात ते विधान कुठं आढळलं नाही, आढळलं तर जरूर मागेन.

खालच्या मजल्यावर छपाईची अक्षरजुळणी करणाऱ्यांनी त्यांचं नाव ठेवलं होतं गाळणी. ‘गाळणीतून आलं का?’ असं विचारल्याशिवाय कुणी पान लावायचं नाही. बाईंच्या कानावर ते नाव गेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं.

त्यांची पद्धत साधी होती. कच्च्या छपाईच्या समासात तीन प्रकारच्या खुणा. मूळ लेख स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तर लाल पेन्सिलीची बरोबरची खूण आणि खाली सही. मूळ मिळालं नाही, पण दुसऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख सापडला, तर निळी. काहीच मिळालं नाही तर नुसतं वर्तुळ, म्हणजे प्रकरण लेखकाकडे परत. लाल खुणेच्या विधानाला मग कुणी हात लावायचं नाही.

एके दिवशी टपालात एक पत्र आलं. कुठल्याशा शाळेत तांत्रिक चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरांचं. अक्षर कोरल्यासारखं, ओळी पट्टीनं आखल्यासारख्या. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या हस्तपुस्तिकेत एकशे त्रेचाळीसाव्या पानावर असं वाक्य आहे: ‘वयाच्या बाराव्या वर्षानंतर एखादी आकृती मनातल्या मनात फिरवून पाहण्याची मुलींची क्षमता मुलांपेक्षा निसर्गतःच एक तृतीयांशाने कमी असते, विषय सुचवताना शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे.’ माझ्या वर्गात बावीस मुली आहेत, आणि या वाक्याशी त्यांचा काही मेळ बसत नाही. म्हणून तुम्ही दिलेला मूळ लेख मी शोधायला घेतला. नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका मिळाली. त्यात हा लेख एकसष्ट ते अठ्ठ्याहत्तर पानांवर आहे. तुम्ही संदर्भ दिलाय पान चौऱ्याऐंशीचा. तर लेख संपल्यावर सहा पानांनी हे वाक्य कुठून आलं, एवढं कळवावं.

बाईंना हसू आलं. पानाचा आकडा चुकला असणार, असं होतं कधीकधी. त्यांनी हस्तपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीची फाइल काढली. बारा वर्षांपूर्वीची, दोरी पार पिवळी पडलेली. एकशे त्रेचाळीसावं पान उघडलं. वाक्याशेजारी समासात लाल खूण होती. खाली त्यांचीच सही.

मग त्या आठवायला लागल्या की तो लेख वाचला तेव्हा आपण कुठल्या टेबलाशी बसलो होतो. बाईंचं असं होतं, की लेख विसरला तरी जागा आठवायची. खिडकीजवळचं टेबल, हलणारी खुर्ची, शेजारी खोकणारा म्हातारा. या लेखाची जागा काही आठवेना. बराच वेळ त्या फाइल पुढ्यात घेऊन बसून राहिल्या. आणि हळूहळू जे आठवलं ते वेगळंच होतं.

तो अंक त्यांना मिळालाच नव्हता. बांधणीला गेला होता. ग्रंथपालांनी आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी ग्रंथालयातून निघताना बाई नेहमीच्या दाराऐवजी मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि वीस मिनिटं उलट्या दिशेनं चालत गेल्या. दिशांच्या बाबतीत त्या अशाच होत्या. नवऱ्यानं हातात नकाशा दिला की आधी कागद फिरवायच्या, मग स्वतः फिरायच्या, आणि मग कुणालातरी विचारायच्या. घरी आणि कचेरीत यावरून चेष्टा ठरलेली. त्या दिवशी कचेरीत उशिरा पोचल्या तेव्हा दारातच कुणीतरी म्हणालं, आज कुठल्या देशाला जाऊन आलात? सगळे हसले, त्याही हसल्या. आणि टेबलाशी बसून पुढचं पान ओढलं, तर समोर हे वाक्य.

काय वाटलं होतं ते आता त्यांना लख्ख आठवलं. बरं वाटलं होतं. पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं. म्हणजे दोष आपला नव्हताच तर. एका मानसतज्ज्ञाच्या लोकप्रिय पुस्तकात तोच संदर्भ त्यांना सापडला होता, म्हणजे नियमानं निळी खूण व्हायला हवी होती. त्यांनी लाल केली. घाई होती म्हणून नव्हे, छपाईला अजून तीन दिवस होते. ते खरं असावं असं वाटत होतं, म्हणून.

बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्यांनी फाइल मिटली आणि तिच्यावर दुसरी फाइल ठेवली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या ग्रंथालयात गेल्या. बारा वर्षांपूर्वी बांधणीला गेलेला तो अंक आता जाड निळ्या पुठ्ठ्यात कपाटात उभा होता. आधी त्यांनी चौऱ्याऐंशीवं पान उघडलं. तिथे वर्गणीदार होण्यासाठी भरून पाठवायचा कोरा अर्ज छापलेला होता. नाव, पत्ता, सही. बाकी काही नाही.

मग त्या लेख वाचायला बसल्या. अठरा पानं, अक्षर न् अक्षर. एका शाळेतली बारा-तेरा वर्षांची एकोणऐंशी मुलं. एकेचाळीस मुलगे, अडतीस मुली. ठोकळ्यांची चित्रं दाखवायची आणि विचारायचं, यातलं कुठलं चित्र म्हणजे हाच ठोकळा वळवून ठेवलेला आहे? घड्याळ लावून वीस प्रश्न. मुलग्यांची सरासरी तेरा, मुलींची अकरा. फरक होता, नव्हता असं नाही. पण कितीतरी मुली कितीतरी मुलग्यांच्या पुढे होत्या. घड्याळ काढून घेतलं तेव्हा फरक निम्म्यावर आला. पुढे महिनाभर आठवड्यातून दोनदा सगळ्यांना लाकडी ठोकळे हातात देऊन खेळू दिलं आणि परत परीक्षा घेतली, तेव्हा मुलगे साडेपंधरा, मुली पंधरा. शेवटी लेखिकेनं लिहिलं होतं की एवढ्याशा मुलांवरून हा फरक उपजत आहे असं म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. सरावानं तो बराच भरून निघाला एवढंच आम्ही पाहिलं. निसर्ग हा शब्द अख्ख्या लेखात नव्हता.

मग एक तृतीयांश आलं कुठून? बाईंनी पायरी पायरीनं माग काढला. त्यात चार दिवस गेले. लेखात चौऱ्याहत्तराव्या पानावर एक साधं वाक्य होतं की पहिल्या परीक्षेत सर्वांत वर असलेल्या बारा जणांत चार मुली होत्या. कुठल्याशा परिषदेत एका प्राध्यापकांनी भाषणात ते सांगितलं, आणि परिषदेच्या स्मरणिकेत छापून आलं, ‘वरच्या गटात मुली केवळ एक तृतीयांश’. मानसतज्ज्ञानं ती स्मरणिका वाचली आणि आपल्या पुस्तकात लिहिलं, ‘मुलींची क्षमता एक तृतीयांशाने कमी’. ‘निसर्गतःच’ हा शब्द त्याच्या पदरचा. चौऱ्याहत्तरचं चौऱ्याऐंशी त्याच्याच छापखान्यात झालेलं. हस्तपुस्तिकेच्या लेखकानं तिथून सगळं उचललं आणि विषय सुचवण्याचं शेपूट लावलं. प्रत्येकानं थोडं थोडं तिखटमीठ घातलं होतं. पण या सगळ्यांना अडवायला म्हणून ज्या खोलीत एक बाई पगार देऊन बसवल्या होत्या, तिथून हे वाक्य लाल खूण घेऊन बाहेर पडलं होतं.

संपादक साहेब भले गृहस्थ होते, पण कटकट टाळण्याकडे त्यांचा कल. बाईंनी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले की पुढच्या आवृत्तीत वाक्य काढून टाकू, मास्तरांना आभाराचं पत्र लिहू, विषय संपला. बाई म्हणाल्या की सहा हजार प्रती शाळाशाळांतून गेल्यात. शुद्धिपत्र छापून प्रत्येक शाळेला पाठवायला हवं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेवटी कबूल झाले आणि स्वतःच मजकूर लिहायला बसले. ‘नजरचुकीने’ अशी सुरुवात केली.

‘नजरचूक नाही लिहायची, साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘नजरचूक व्हायला नजर तरी टाकावी लागते. मी मूळ लेख पाहिलाच नव्हता. पाहिला म्हणून सही केली.’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, हे कशाला छापायचं? तुमच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे. उगीच स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेऊ नका.’

बाईंना रडू येईल असं वाटत होतं आणि साहेबांसमोर ते नको होतं. साहेबांनी विचार करायला सोमवारपर्यंतचा वेळ घेतला.

मधे रविवार होता. आणि अजून एक गोष्ट उरली होती, जी साहेबांना सांगण्यासारखी नव्हती.

बाईंची मोठी बहीण पूर्वी पाळ्यांमध्ये काम करायची, त्यामुळे तिची मुलगी शाळा सुटली की मावशीकडे यायची. तिथेच अभ्यास, तिथेच खाणं. बाईंना मूल नव्हतं, आणि भाची म्हणजे त्यांच्या गळ्यातला ताईत. ते वाक्य त्यांच्या टेबलावर आलं त्याच आठवड्यात चौदा वर्षांची भाची तोंड एवढंसं करून घरी आली होती. तांत्रिक चित्रकलेच्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ. पुढच्या वर्षी हा विषय घ्यायचा की भाषा घ्यायची, हे तिला महिनाअखेर सांगायचं होतं. तिला चित्रकला हवी होती, निदान त्या दिवसापर्यंत. बाईंनी तिला जवळ बसवलं, पिशवीतून कच्च्या छपाईचं ते पान काढलं आणि वाचून दाखवलं. म्हणाल्या, हे बघ, यात आपला दोष नाही, आपल्या मेंदूची घडणच तशी, आता हे छापून येणार आहे. भाचीनं भाषा घेतली.

तिचं त्यात वाईट काही झालं नव्हतं. शिकली, भाषांतराच्या कचेरीत लागली, लग्न झालं, दोन वर्षांची मुलगी होती. रविवारी सकाळी बस पकडेपर्यंत बाई स्वतःला हेच बजावत होत्या. तिचं चांगलं चाललंय, मग हे जुनं कशाला उकरायचं? पण मास्तरांना कळवायचं, साहेबांना सांगायचं, आणि जिला स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवलं तिच्यापासून लपवायचं, हे काही त्यांना जमेना.

भाचीच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीला फळ्या टेकवून ठेवलेल्या होत्या. मुलीच्या कपड्यांसाठी आणलेलं कपाट, सुटे भाग घरी जोडायचे असं. खिळ्यांची पिशवी न फोडलेली, वर आकृत्यांचा घडी घातलेला कागद. बाईंनी विचारलं, हे कधी आणलंत? भाची म्हणाली, झाले पंधरा दिवस. नवरा फिरतीवर आहे, तो आला की जोडेल. ‘मला ते चित्र बघून नाही जमत. आपलं ठाऊक आहे ना तुला,’ असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

चहा येईपर्यंत बाई त्या फळ्यांकडे बघत बसल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. अंक बांधणीला गेला होता तिथपासून वर्गणीच्या अर्जापर्यंत. लाल खूण, निळी खूण, साडेपंधरा आणि पंधरा. मधे मूल येऊन मांडीवर बसलं, त्यांच्या चष्म्याची दोरी ओढत राहिलं. भाची ऐकत होती. तिनं एकदाही अडवलं नाही.

सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, ‘मी तुझा विषय काढून घेतला.’

भाचीनं मुलीच्या मुठीतून चष्म्याची दोरी सोडवली. मग म्हणाली, ‘मावशी, तुझ्या त्या कागदावर काय लिहिलंय ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. मला आठवतं ते वेगळंच. वाचून झाल्यावर तू हसलीस. इतकी खुश दिसलीस, की मला वाटलं, मी तुझ्यासारखी आहे याचा तुला आनंद झालाय. मग मी नाही कसं म्हणणार?’

बाईंची मान खाली गेली ती वर होईना. त्यांनी मनाची तयारी केली होती ती भाची रागावेल याची, किंवा हसून सोडून देईल याची. चुकीचं वाचून दाखवलं, हा गुन्हा त्या वाटेभर घोळवत आल्या होत्या. हा दुसरा त्यांच्या ध्यानातही आला नव्हता. आपल्या उणेपणाला सोबत हवी होती, आणि ती त्यांनी एका चौदा वर्षांच्या पोरीकडून घेतली होती. ती पोर त्यांच्यावर माया करायची, म्हणून तिनं दिली.

‘मी परत बसले असते चाचणीला,’ भाची म्हणाली. ‘आमच्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या, महिनाभर ये शाळा सुटल्यावर, होईल. मी तुला सांगितलंच नाही ते.’

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या की चल, आपण दोघी मिळून ते कपाट जोडू. भाचीनं मान हलवली. ‘राहू दे मावशी. आज नको.’ आणि ती मुलीला भरवायला घेऊन गेली. बाई थोडा वेळ बसल्या आणि निघाल्या. दारापर्यंत पोचवायला भाची आली, नेहमीसारखी, पण बसथांब्यापर्यंत आली नाही.

सोमवारी बाईंनी साहेबांच्या टेबलावर स्वतः लिहिलेला मजकूर ठेवला. मूळ लेखात काय आहे ते चार ओळींत, आकड्यांसकट. सरावाआधीचे आणि नंतरचे दोन्ही. मग एक ओळ: ‘हे विधान मूळ लेख न पाहताच, पाहून तपासले असे नोंदवले गेले होते.’ खाली त्यांचं पद. साहेबांनी दोनदा वाचलं आणि सही केली. एवढंच म्हणाले की निदान पद तरी गाळा. बाई नाही म्हणाल्या. गाळण्याची सवय असलेल्या बाईंनी हे मात्र गाळलं नाही, अशी कोटी खाली जुळणीत कुणीतरी केली, पण नेहमीसारखं कुणी हसलं नाही. त्या आठवड्यात जिन्यावर लोक त्यांना जरा जास्तच अदबीनं वाट देऊ लागले, आणि त्यांना ते चेष्टेपेक्षा जड गेलं.

मास्तरांना त्यांनी वेगळं पत्र लिहिलं आणि लेखाची नक्कल जोडली. मास्तरांचं उत्तर चार ओळींचं होतं. मिळालं, धन्यवाद. लाकडी ठोकळे कोणत्या मापाचे वापरले ते लेखात स्पष्ट नाही, तुम्हाला कळलं तर कळवा, इथे करून बघायचे आहेत. त्यात ना दोष दिलेला, ना समजूत घातलेली. ते पत्र बाईंनी दोन-तीनदा वाचलं.

मग त्यांनी स्वतःच्या जुन्या फाइली काढल्या. एका लाल खुणेवर विश्वास उरला नाही, तर बाकीच्यांवर कुठल्या तोंडानं ठेवायचा? रोजचं काम सांभाळून, दुपारच्या सुट्टीत, त्या वर्षाच्या आगेमागे पाच वर्षांतल्या लाल खुणा त्या एकेक करून परत तपासू लागल्या. अकराशेच्या वर होत्या. तीन महिन्यांत आणखी चार निघाल्या, मूळ न पाहता लाल केलेल्या. दोन निरुपद्रवी होत्या, एक बरोबर होती. चौथी डावखुऱ्या मुलांबद्दलची होती आणि तिच्यासाठीही शुद्धिपत्र काढावं लागलं. दर वेळी साहेबांच्या दारावर टकटक करताना त्यांचे कान तापायचे. वाटायचं, सवयीनं कमी होईल. झालं नाही.

भाचीचा तीन आठवडे फोन नव्हता. मग एकदा आला. मुलीला ताप आहे, संध्याकाळी येशील का बसायला? बाई गेल्या. त्या विषयावर कुणीच काही बोललं नाही. कपाट जोडून झालेलं होतं. कुणी जोडलं ते बाईंनी विचारलं नाही, आणि भाचीनंही आपणहून सांगितलं नाही.

शुद्धिपत्राची पोच म्हणून बऱ्याच शाळांचे नुसते शिक्के मारलेले कागद आले. एक पत्र मात्र आलं एका मुख्याध्यापिकेचं. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या हस्तपुस्तिकेला धरून आमच्या शाळेत दहा वर्षं सातवीनंतर मुलींना तांत्रिक चित्रकलेचा तास दिला नाही, त्या वेळात भरतकाम दिलं. पुढच्या वर्षीपासून आम्ही तो तास सुरू करतोय. पण जवळजवळ तीनशे मुली शाळा सोडून गेल्या आहेत. त्यांचे पत्ते आमच्याकडे आहेत. तुमचं शुद्धिपत्र त्यांना पाठवावं का? पाठवलं तर त्यांनी त्याचं काय करावं?

बाईंनी उत्तराचा कागद तीनदा फाडला. पहिल्यात खुलासे फार होते. दुसऱ्यात क्षमा इतक्या वेळा मागितली होती की वाचणाऱ्यालाच त्यांची समजूत काढावी लागली असती. तिसरा साहेबांच्या भाषेत झाला होता. चौथ्या कागदावर त्यांनी लिहिलं, पाठवावं असं मला वाटतं. त्यांनी त्याचं काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाकिटं लिहायला माणूस कमी पडत असेल तर मी येईन.

पंधरा दिवसांनी त्या शाळेतून पत्त्यांची यादी आली, आणि सोबत एक चिठ्ठी, की आमच्याकडे खरोखरच माणूस नाही. बाईंनी शनिवारी दुपारी टेबल मोकळं केलं आणि पहिल्या पाकिटावर पहिलं नाव लिहायला घेतलं.